हेवीवेटला पॅड धरणारा माणूस

अमरावतीहून सुटलेली एसटी मूर्तिजापूरला थांबली होती आणि मी खिडकीला डोकं टेकवून, अर्धवट झोपेत, एक लढत जुळवत होतो. एका कोपऱ्यात ‘लोहार’, दुसऱ्या कोपऱ्यात ‘जावई’. दोघंही जगातले नावाजलेले हेवीवेट बॉक्सर, पण दोघांच्या उमेदीच्या काळात चांगलं तीस-चाळीस वर्षांचं अंतर, त्यामुळं ही लढत कधी झाली नाही आणि होणारही नाही. अकोल्याला दिगूभाऊच्या घरी मात्र रविवारच्या जेवणानंतर, चटईवर पडल्या पडल्या, ती सहज होऊ शकत होती. मागचा रविवार मी रुसून चुकवला होता. आता पुन्हा जायचं तर काहीतरी निमित्त हवं, म्हणून ही लढत घेऊन निघालो होतो. पिशवीत वांगी होती, पालक होता आणि डोक्यात लोहाराचा डावा हात. तेवढ्यात फोन वाजला. सुमनवहिनी, दिगूभाऊची बायको. “भाऊजी, गाडीत बसले का?” मी म्हणालो, हो, मूर्तिजापूर आलं. “या मंग,” त्या म्हणाल्या, “तुमचे भाऊ गेले सकायी. झोपीतच गेले...” गाडी सुटली. खरं सांगतो, कोणाला वेडेपणा वाटेल, पण पुढची दहा-पंधरा मिनिटं ती लढत माझ्या डोक्यात चालूच राहिली. बाहेर नांगरून मोकळी पडलेली काळी शेतं उन्हात तापत होती आणि लोहार जावयाला दोरांकडं रेटत होता. मग लक्षात आलं की निकाल द्यायला आता कोणी नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, “काय झालं हो दादा?” तेव्हा मला कळलं की मी रडतो आहे.

त्याला आता सात-आठ आठवडे झाले. मी काही लेखक नाही, बाप्पा. अमरावतीच्या भाजीबाजारात माझं दुकान आहे. आमचं घराणं चांदूर बाजारकडचं, भाजी पिकवणारं आणि विकणारं. माझं तोंड फाटकं आहे, हे बाजारात कोणालाही विचारा. पण तरुणपणी मी बॉक्सर होतो, आणि तोही हेवीवेट. आता माझं पोट पाहून कोणाला ते खरं वाटत नाही, तो भाग वेगळा. कोबीची पोती उचलून अंग भरलं होतं आणि कोणाला तरी ठोसे मारावेत असं सारखं वाटे, म्हणून या खेळात शिरलो. शिकवणारे मिळाले. मिळेना तो पॅड धरणारा. पॅड म्हणजे शिकवणारा दोन्ही तळहातांवर चढवतो त्या जाड गाद्या. शिकणाऱ्यानं त्यांच्यावर मारायचं आणि धरणाऱ्यानं ते झेलायचं. हलक्या वजनाच्या खेळाडूंसमोर कोणीही हात पुढं करतं. नव्वद-पंच्याण्णव किलोच्या गड्यासमोर कोण करणार? असा एकच माणूस आहे आणि तो अकोल्याला आहे, असं कळलं. मी गेलो, तर टिनाच्या शेडमध्ये एक पंचावन्न किलोचा, काटकुळा गृहस्थ उभा. कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होता, भुवयांवर रुईचा बारीक कचरा तसाच. हाच दिगूभाऊ, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. मला हसूच आलं. तो म्हणाला, “हासून झालं का बे? आता मार.” मी मारला. तो जागचा हलला नाही. डोळे मिटून जरा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “मनगट.”

हे त्याचं माप होतं. ठोसा पॅडवर बसला की तो झेलणाऱ्याच्या अंगात कुठवर जातो, ते दिगूभाऊ डोळे मिटून पाहायचा. मनगटात विरला तर मनगट. त्याच्या पुढं गेला तर कोपर, त्याच्याही पुढं गेला तर खांदा. आणि सगळ्यात शेवटी टाच. “टाच म्हंजे,” तो सांगायचा, “मारला पॅडवर आन् झेलला जमिनीनं.” टाच त्यानं उभ्या जन्मात कोणाला दिली नव्हती. खांदा अख्ख्या वऱ्हाडात दोघांना दिला होता, त्यातला एक परतवाड्याचा पहेलवान होता आणि दुसरा पोलिसात लागून नागपूरकडं निघून गेला होता. मला पाच-सहा महिन्यांनी कोपर मिळालं आणि तिथंच माझं घोडं अडलं. दर वेळी मी मारायचा, त्यानं डोळे मिटायचे, आणि मी श्वास रोखून त्याच्या तोंडाकडं बघत राहायचं... “कोपर.” माझं डोकं फिरायचं. मला खांदा हवा होता. खोटं कशाला बोलू, मला टाचच हवी होती. पुढं खेळ सुटला, लग्न झालं, केस पिकले, तरी या एका माणसाच्या तोंडून ती एक गोष्ट ऐकायची हौस काही सुटली नाही.

जगातल्या हेवीवेटांनाही हेच माप. आधी व्हिडिओ भाड्यानं आणून आणि पुढं मोबाइलवर आम्ही त्यांच्या लढती पाहिल्या. त्यांची नावं दिगूभाऊच्या जिभेवर बसत नसत, म्हणून त्यानं आपली ठेवली होती. ‘लोहार’ एकाच जागी मारत राहायचा. ‘जावई’ पहिले चार राऊंड निवांत हिंडायचा, कोणाची काही घाई नसल्यासारखा, आणि मग एकदम सगळं ओरपून जायचा. ‘बंडी’ म्हणजे आमच्याकडची बैलगाडी, तसाच तो सुरुवातीला जागचा हलत नसे, पण एकदा उतार लागला की थांबत नसे. खरी नावं मी इथं देत नाही, कारण आमच्यात ती कधी नव्हतीच. आवाज बंद करून तो टीव्हीच्या अगदी जवळ बसायचा. “मारनाऱ्याकडं काय पायतं?” मला म्हणायचा, “खानाऱ्याच्या टाचा पाय.” पडणारा कसाही पडतो, थकून पडतो, घाबरून पडतो, पाय घसरून पडतो, पडण्यावरून ठोशाचा जोर कळत नाही, असं त्याचं म्हणणं. पण उभ्या माणसाच्या टाचा क्षणभर जमिनीवरून सुटल्या तर तो ठोसा खरा. त्यावरून आमचे वाद. मी म्हणायचो, जगात सगळ्यात जड हात बंडीचा, एका ठोशात खेळ खलास. तो म्हणायचा, बंडीचा ठोसा येताना दिसतो, म्हणून समोरचा अंग घट्ट करून घेतो आणि निम्मा जोर तिथंच मरतो. लोहाराचा हात लहान, उसळी कमी, पण तो कमरेतून येतो आणि दिसत नाही. “दिसत नाई तो जड,” हे त्याचं शेवटचं वाक्य असायचं.

रविवारी सकाळची गाडी पकडून मी जायचो, बाराच्या आत पोचायचो. वहिनींच्या हातची भाकरी, वांग्याची भाजी, वर ताक. मग पुढच्या खोलीत चटया टाकून आम्ही आडवे व्हायचो. उन्हाळ्यात कूलरची घरघर, वाळ्याचा ओला वास, दाराच्या फटीतून आलेली उन्हाची एक पट्टी. आणि दिगूभाऊ डोळे मिटून लढत सुरू करायचा, कधी न झालेली लढत, वेगवेगळ्या काळातले दोन गडी. पहिला राऊंड, दुसरा राऊंड... आवाज हळू, एका लयीत. कोण कुठल्या पायावर उभा आहे, कोणाच्या कपाळावर घाम आहे, कोपऱ्यातला माणूस काय ओरडतो आहे, सगळं त्याला दिसायचं. तिसऱ्या राऊंडला माझा डोळा लागायचा. जाग यायची तेव्हा सातवा चालू असायचा, कधी नववा. मला वाटायचं मी झोपेत ते पाहतच होतो, काही चुकलं नाही. मध्येच त्याचा आवाज थांबायचा आणि घोरणं सुरू व्हायचं, मग ती लढत तशीच राहायची, दोघंही उभे. कितीतरी हेवीवेट आम्ही असे रिंगणात उभे सोडून दिले. पाच वाजता वहिनी चहा घेऊन यायच्या आणि विचारायच्या, “कोन जिंकलं?” आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडं पाहायचो. स्वतः पंचावन्न किलोच्या वर कधी गेला नाही हा माणूस, दोन लढती खेळला, दोन्ही हरला. पण त्या दुपारी त्याच्याइतका मोठा हेवीवेट मी दुसरा पाहिला नाही.

माझ्या स्वभावातली एक खोड इथं सांगायला हवी. अचलपूरला एका प्रदर्शनी लढतीत माझ्या ठोशानं समोरच्या गड्याचा पुढचा दात पडला. मी जिंकलो, लोकांनी खांद्यावर घेतलं, पण मला दुसरं काही दिसेना. दुसऱ्या दिवशी संत्र्यांची गोणी घेऊन मी त्याच्या घरी माफी मागायला गेलो. त्याची आई दारातच म्हणाली, “संत्रं कायनं खाईन तो?” मी गोणी तिथंच टाकून पळालो. पुढचे सहा महिने माझा हात कोणावर मोकळा पडेना. समोरच्याचं तोंड दिसलं की कोपर आपोआप आखडायचं. दिगूभाऊ ओरडायचा, “मारून राहिला का मिठी मारून राहिला बे?” त्यानं मला गोडीनं, शिव्या घालून, उपाशी ठेवून पुन्हा मारायला लावलं. पण त्या दातवाल्याला मात्र मी आजवर तोंड दाखवलेलं नाही. तो अमरावतीला बाजारात येतो, मला दुरून दिसतो आणि मी दुकानाच्या मागच्या दारानं सटकतो. ज्याला आपण इजा केली त्याच्यासमोर उभं राहायची हिंमत माझ्यात नाही, कधी नव्हती.

मी चोवीस वर्षांचा असताना राज्याच्या संघाची निवड पुण्याला होती. दोन दिवसांवर निघायचं होतं आणि शेवटचा सराव होता. टिनाचं शेड तापलेलं, आत सरकीनं भरलेली पोती टांगलेली, एक फाटलेलं, त्यातून कपाशीचं बी जमिनीवर सांडलेलं. तासभर मी मारत होतो आणि तो कोपर, कोपर म्हणत होता. माझं डोकं भणभणलं. मी उजवा हात मागं घेतला आणि जे काही होतं ते, म्हणजे पोती, राग, सहा महिन्यांचं आखडणं, सगळं त्याच्या डाव्या पॅडवर सोडलं. आवाज निराळाच आला. तो दोन पावलं मागं गेला, भिंतीला टेकला आणि डोळे मिटून तसाच उभा राहिला. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मला वाटलं, आज मिळाला खांदा. त्यानं डोळे उघडले, हसला आणि म्हणाला, “मनगट.” मनगट! पहिल्या दिवशीचं! मी हातमोजे काढून त्याच्या पायाशी फेकले, तोंडाला येईल ते बोललो आणि बसस्टँडकडं चालू लागलो. निघालो तेव्हा त्यानं पॅडही काढले नव्हते. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पुण्यात मी दुसऱ्याच लढतीत हरलो. हात आखडला नव्हता. पण मारताना दर वेळी मनात यायचं की आपल्या हातात काही नाही, आपला ठोसा मनगटातला, आणि मी मारण्याऐवजी टाळत राहिलो. परत आलो ते खेळ सोडूनच. दोन रविवार अकोल्याला गेलो नाही. तिसऱ्या रविवारी राहवेना म्हणून गेलो, तर दिगूभाऊचा डावा हात दुपट्ट्यानं गळ्यात बांधलेला. “काय झालं?” तर म्हणे जिनिंगमध्ये यंत्राच्या पट्ट्यात ओढला गेला. तो हात पुढं बरा झाला नाही. खांद्याच्या वर उचलता यायचा नाही, शर्ट घालताना वहिनींना मदत करावी लागायची. पॅड धरणं कायमचं बंद. मी असा संतापलो! जिनिंगच्या मालकाला मी माझ्या हस्ताक्षरात अर्ज लिहिला, चौकशी करा, पट्ट्याला जाळी बसवा, उद्या दुसऱ्याचा हात जाईल. दिगूभाऊनं तो घडी करून खिशात ठेवला आणि “देतो, देतो” म्हणत कधी दिला नाही. मी त्या जिनिंगला पुढं दर रविवारी शिव्या घालत आलो. त्या हातावर ओरखडासुद्धा नव्हता, हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. किडकं वांगं मी देठावरून ओळखतो, पण समोर बसलेल्या माणसाचं मला एवढं ओळखता आलं नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी तो अमरावतीला आला होता, तेव्हा मी त्याला एका मोठ्या मॉलमध्ये नेलं. तिथं ठोसा मारायचं यंत्र होतं, वरून लोंबणाऱ्या गोळ्याला मारलं की लाल दिव्यात आकडा उमटतो. मला वाटलं, याला गंमत वाटेल. खरं सांगायचं तर मला माझा आकडा त्याला दाखवायचा होता. साठीला टेकलेला मी, पोट आत घेऊन मारला आणि आकडा चांगला उमटला. बाजूला उभ्या असलेल्या दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मी दिगूभाऊकडं पाहिलं. तो यंत्राभोवती फिरून आला, गोळा हातानं दाबून पाहिला आणि म्हणाला, “हे नुसतं किती ते सांगते. कुठवर गेला ते याले नाई समजत.” “मग तू सांग ना,” मी म्हणालो, “कुठवर गेला?” “मी कायले सांगू? मी खाल्ला का तो?” असं म्हणून तो फिरत्या जिन्याकडं निघाला. परतीच्या वाटेवर मात्र त्यानं आपण होऊन लोहाराची आणि बंडीची लढत काढली, मला बंडीचा एक राऊंड जास्तीचा दिला आणि मी खूश झालो. मला खूश करणं इतकं सोपं होतं, तर ते एक वाक्य तो का बोलत नव्हता?

शेवटची भेटही त्यावरच तुटली. जेवण झालं होतं. त्या दिवशी तो लवकर दमत होता, लढत दुसऱ्या राऊंडलाच सोडून दिली. मी छताकडं पाहत म्हणालो, “भाऊ, आता आपण दोघं म्हातारे. एकदा खरं सांगून टाक. तो पुण्याच्या आधीचा ठोसा. खरंच मनगट होता?” त्यानं डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, “साठी उलटली लेका तुही, आजून तेच?” “सांग ना.” “मनगटच होता,” तो म्हणाला. मी उठलो, चपला घातल्या. वहिनींनी चहाचं आधण ठेवलं होतं, त्या “आवं भाऊजी, चहा” म्हणत दारापर्यंत आल्या, पण मी चारची गाडी धरली. बासष्ट वर्षांचा घोडा, एका शब्दासाठी रुसून निघाला! पुढच्या रविवारी गेलो नाही. त्याच्या पुढच्या रविवारचं वर सांगितलंच आहे.

तेरवीला पंगती उठल्यावर मांडवात दहा-बारा माणसं बसली होती. कोणीतरी विचारलं, दिगूभाऊच्या हाताला काय झालं होतं हो? झालं, माझं तोंड सुटलं. जिनिंगवाल्यांनी या माणसाचा हात खाल्ला, एक साधी जाळी बसवली नाही, असा पॅड धरणारा वऱ्हाडात पुन्हा होणार नाही आणि त्याला यांनी लुळा करून ठेवला... अख्खा मांडव ऐकत होता. आतून निरोप आला की वहिनी बोलावतात. मागच्या खोलीत गेलो. पांढऱ्या साडीतल्या वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, पुढ्यात मीच त्या सकाळी आणलेली पालकाची जुडी निवडायला घेतलेली. त्यांनी दार लोटायला सांगितलं.

“जिनिंगले काहून शिव्या देऊन राहिले, भाऊजी?”

“मग कोणाला देऊ?”

“त्याईचा काई दोष नाई. मानूस गेला, आता त्याच्या मांगं खोटं नको. पट्ट्याबिट्ट्यात काई सापडला नोता हात. तो तुमच्या ठोशानं गेला.”

मी हसलो. खरंच हसलो, इतकं ते मला अशक्य वाटलं. “वहिनी, मनगट म्हणाला होता तो.” “तुमाले म्हनले असतीन,” त्या म्हणाल्या, आणि पालकाची देठं खुडत, एकदाही वर न पाहता, सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी तो डावा हात उजव्या हातात धरून घरी चालत आला. खांदा निखळला होता. हाडवैद्यानं बसवला तो नीट बसला नाही. डॉक्टरकडं जायला तो तयार होईना, कारण डॉक्टर विचारतील आणि ते फिरून माझ्या कानावर जाईल. “दोन दिसानं तुमाले पुन्याले जायाचं होतं. म्हने, त्या दातवाल्यासारखं होईन. याले समजलं तं हा पुन्यात हात आखडून घेईन.” पट्ट्याची गोष्ट त्यानंच रचली आणि वहिनींना शपथ घातली. पुण्याहून मी हरून आलो आणि खेळ सोडला, तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही. माह्यंच चुकलं, म्हणत होता. “शपथ घालनारे गेले,” वहिनी म्हणाल्या. “आता कोनासाठी पाळू?”

आता जे लिहितो त्याची मला लाज वाटते, पण लिहितो. एवढं सगळं ऐकल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, “कुठवर गेला म्हणत होता?” वहिनींनी मान वर केली. “मले वाटलंच तुमी हे इचारसान,” त्या म्हणाल्या. “टाच म्हने. चार रात्री झोप नोती त्याईले, कन्हायचे आन् हासायचे. म्हने सुमन, पायाखालून जमीन हालली. म्हने कोनाले सांगू नको, पन टाच होती.” मिळाली. अडतीस वर्षं जी मागत होतो ती मिळाली, आणि मला ती कुठं ठेवावी कळेना. ज्यानं माझ्यासमोर हात पुढं केला, त्याचा हात मी मोडला होता आणि वर त्याच्याच घरी बसून, त्याचीच भाकरी खात, जिनिंगला शिव्या देत होतो. आणि तरी आत कुठंतरी, निर्लज्जासारखा, मी सुखावलो होतो. हे दोन्ही एकाच वेळी माणसाच्या छातीत मावतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मग मला राग आला. माझा राग असाच येतो, उशिरा आणि चुकीच्या माणसावर. “पुण्याच्या आधी नाही सांगितलं, समजलो,” मी म्हणालो. “पण नंतर? खेळ संपला होता, वहिनी. मी कोणाला मारणार होतो? कांदे-बटाटे विकत होतो. अडतीस वर्षं मनगट, मनगट ऐकवलं मला. मी चहा न पिता निघून गेलो या घरातून. एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं त्याचं?” माझा आवाज चढला होता, बाहेर मांडवात गेला असेल. निवडलेला पालक वहिनींनी ताटात एका बाजूला केला. “मी धा डाव म्हनलं त्याईले,” त्या म्हणाल्या. “सांगून टाका एकदाचं, मानूस कुढून राहिला.”

“मग? काय म्हणायचा?”

वहिनींनी पदरानं हात पुसले.

“मलेच उलटं इचारायचे. आता तुमीच सांगा भाऊजी... तुमी आले असते का मंग, दर रविवारी?”

मी दाराची कडी धरून उभा होतो. खोटं बोलावं असं खूप वाटलं.

“नाही, वहिनी,” मी म्हणालो. “नसतो आलो.”